थरथरणारे कुत्रे पिसाळलेलेच असते काय?

(द्वितीय वर्ष, कला)

देहाच्या हालचालींची आपल्या मराठी भाषेला फार बारीक जाण आहे. माणूस थंडीने कुडकुडतो, भीतीने थरथरतो, रागाने कापतो, अशक्तपणाने लटपटतो. ताप चढताना त्याला हुडहुडी भरते, म्हातारपणी त्याचे हातपाय कापतात आणि फेफरे आले की त्याला झटके येतात. एकाच हलणाऱ्या देहासाठी आपल्या वाडवडिलांनी इतके शब्द केले, ते काही हौस म्हणून नव्हे. कारण वेगळे म्हणून उपाय वेगळा, आणि उपाय वेगळा म्हणून शब्द वेगळा. कुडकुडणाऱ्याला घोंगडी द्यावी, लटपटणाऱ्याला हाताचा आधार द्यावा, हुडहुडी भरलेल्याला डॉक्टरकडे न्यावे, हे त्या त्या शब्दातच सांगून ठेवलेले आहे.

पण हाच देह कुत्र्याचा असला की ही सारी शब्दसंपत्ती कोठे जाते कोण जाणे! पाराखाली एखादे कुत्रे अंग कापत बसलेले दिसले की गावाच्या तोंडी एकच शब्द येतो, "पिसाळलं!" आणि त्या शब्दापाठोपाठ दगड येतो. दगड आला नाही तर हसू येते. भेदरून पायांत शेपूट घेणे ही कुत्र्याची भीतीची खूण. तिच्यावरून आपण 'शेपूट घालणे' हा वाक्प्रचार केला आणि तो भेकड माणसाला हिणवायला वापरू लागलो. कुत्र्याची भीती आपल्याला दिसली नाही असे नाही. दिसली, पण ती आपण हसण्यावारी नेली.

या लेखात मला एवढेच मांडायचे आहे की, कुत्र्याच्या थरथरण्याची कारणे अनेक आहेत, त्यांतली बरीचशी आपल्यासारख्या सामान्य माणसालाही ओळखता येतात, आणि जेथे खरोखरच धोका आहे तेथेसुद्धा दगड हा उपाय नव्हे. विषय वार्षिक अंकाला शोभणारा नाही असे काही मित्रमैत्रिणींना वाटेल. पण आपल्यापैकी निम्मेअधिक विद्यार्थी खेड्यांतून येतात. कुत्रे हे आपल्या अंगणातले, खळ्यावरचे आणि आता कॉलेजच्या आवारातलेही रोजचे जनावर आहे. त्याच्याविषयी विचार करायला वेगळी जागा कशाला शोधायची?

प्रथम एक गोष्ट बाजूला काढू. अंग झाडणे म्हणजे थरथरणे नव्हे. भिजलेले कुत्रे डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झाडते ते पाणी उडवण्यासाठी. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी २०१२ साली या अंग झाडण्याचाच अभ्यास प्रसिद्ध केला. प्राणी जितका लहान तितका त्याला वेग अधिक लागतो, असे त्यांना आढळले. उंदीर सेकंदाला सुमारे तीस वेळा अंग हलवतो, तर कुत्र्याला चार-पाच वेळा पुरते. यात काळजीचे काही नाही. मात्र अंग कोरडे असताना कुत्रे एकसारखे डोके झाडत असेल, कान खाजवत असेल, तर कानात गोचीड, किडे किंवा पू आहे काय, ते पाहावे. हे दुखणे साधे, पण महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

आता कुडकुडणे. कुत्र्याच्या अंगाचे तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त, सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. बाहेर थंडी वाढली की मेंदू स्नायूंना हुकूम देतो. स्नायू भराभर आखडतात व सैल होतात आणि त्या श्रमातून ऊब निर्माण होते. म्हणजे कुडकुडणे हा रोग नसून देह वाचवण्याची धडपड आहे. नुकत्याच जन्मलेल्या पिलांना तर पहिले काही दिवस नीट कुडकुडताही येत नाही. म्हणून ती एकमेकांवर ढीग करून, आईच्या पोटाशी निजतात. आमच्या भागात पौषात पहाटे शेकोटी विझली की गावातली कुत्री त्या कोमट राखेत येऊन पडतात. कुणी त्यांना राखेतून हुसकून लावले नाही, तरी ती एक मदतच होय. जमिनीची ओल लागणार नाही अशा जागी दुहेरी गोणपाट टाकले तर फारच चांगले. गारठलेल्या पिलाला आधी दूध पाजायला जाऊ नये. त्याला प्रथम फडक्यात गुंडाळून हळूहळू ऊब द्यावी, दूध नंतर. आणि कुडकुडणारे कुत्रे एकाएकी शांत व सुस्त पडले तर ते सावरले असे समजू नये. धोका वाढला, असा त्याचा अर्थ.

भीतीचे थरथरणे आपल्याला सर्वांत अधिक पाहायला मिळते ते दिवाळीत. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. कुत्र्याचा सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंत. मंद आवाजही त्याला आपल्यापेक्षा कितीतरी दुरून ऐकू येतो. त्यात फटाका कधी, कोठून व कशासाठी वाजला, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. भीतीबरोबर रक्तात ॲड्रिनलिन उतरते, छाती धडधडते, स्नायू ताणले जातात आणि अंग कापू लागते. डार्विनने १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भीतीने जसे अंग कापते तसे ते रागाने आणि आनंदानेही कापते, हे त्याने त्यात नोंदवले आहे. म्हणूनच चार महिन्यांनी घरी आलेल्या धन्याला पाहून कापणारे कुत्रे आणि लवंगी माळेने कापणारे कुत्रे यांतला फरक नुसत्या थरथरण्यावरून कळत नाही. कान, शेपूट आणि डोळे यांकडे पाहावे लागते. कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाखाली, डोळ्यांतला पांढरा भाग दिसतो आहे आणि जीभ वारंवार ओठांवरून फिरते आहे, असे असेल तर ती भीती समजावी.

अशा वेळी काय करावे? दिवस मावळण्याआधीच कुत्र्याला बाहेर फिरवून आणावे. मग आतल्या खोलीत, खाटेखाली किंवा कोपऱ्यात त्याला लपायला जागा द्यावी. दारे-खिडक्या लावून पंखा अथवा रेडिओ चालू ठेवावा, म्हणजे बाहेरचा आवाज थोडा बुजतो. अंगणात साखळीने बांधून ठेवू नये. बांधलेले कुत्रे पळण्याच्या धडपडीत स्वतःलाच फास लावून घेते. भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेतले तर त्याची भीती आणखी वाढते, असा एक समज फार दिवस होता. आता जाणकार तसे मानत नाहीत. भाकरीच्या तुकड्यासाठी कुत्रे पुढचा पाय देते तशी भीती ही काही शिकलेली करामत नव्हे. ते आपण होऊन जवळ आले तर त्याला खुशाल जवळ घ्यावे. लपून बसायचे असेल तर ओढून बाहेर काढू नये. फार भिणाऱ्या कुत्र्यांसाठी पशुवैद्य आधीपासून औषधही देतात. ज्या रस्त्यावरच्या कुत्र्याला ना खोली ना खाट, त्याच्यासाठी मात्र एकच उपाय उरतो: आपण आवर घालणे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ या वेळात आवाजी फटाके उडवण्यास मनाई केली. न्यायालयाने ते कुत्र्यांसाठी केले नव्हते, माणसांच्या झोपेसाठी केले होते. परंतु ते पाळले तर दोघांचेही भले आहे. शेपटीला माळ बांधून पेटवणाऱ्यांविषयी मी लिहीत नाही. त्यांच्यासाठी १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येते. मी यवतमाळ जिल्ह्यातली, कपाशीच्या मुलखातली. माझे बाबा हंगामात रोजाने फवारणी करतात आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आमच्याकडे पावसाळा संपता संपता जी कुत्री थरथरतात त्यांना ना थंडी असते ना भीती. कुणी फवारणीच्या टाकीखाली साचलेले पाणी प्यालेले असते, कुणी औषधाचा रिकामा डबा चाटलेला असतो. कित्येक वेळा तर माणसानेच गोचीड जावेत म्हणून कपाशीवरचे औषध कुत्र्याच्या अंगाला चोळलेले असते. पुष्कळ कीटकनाशकांत ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची द्रव्ये असतात. मज्जातंतू स्नायूला निरोप देतो तो एका रसायनाच्या द्वारे, आणि निरोप पोचला की एक विकर त्या रसायनाचा निकाल लावते. हे विष त्या विकरालाच निकामी करते. मग निरोप थांबत नाही आणि स्नायू हुकमावाचून फडफडत राहतात. तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, उलटी, जुलाब, बारीक झालेली बाहुली आणि अंगभर थरथर, अशी लक्षणे दिसतात. शेवटी श्वास अडतो.

लाळ गाळणारे, झोकांड्या खाणारे, थरथरणारे कुत्रे! गावाच्या दृष्टीने यापेक्षा 'पिसाळलेले' दुसरे काय असणार? दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतले असेच एक कुत्रे काठ्यांनी मारले गेले. त्याच धुऱ्यावर औषधाचा फुटका डबा पडलेला होता. काठ्या मारणारी माणसे दुष्ट नव्हती. त्यांना आपल्या लेकरांची काळजी होती. त्यांच्याजवळ शब्दच एक होता, एवढेच.

आणि हे विष कुत्र्याला ओळखून माणसाला सोडून देते काय? २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात पडले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. त्या वर्षीची घरोघरची धास्ती मला आठवते. कुत्र्याच्या स्नायूत जे घडते तेच माणसाच्या स्नायूत घडते. दोघांनाही दवाखान्यात ॲट्रोपिनचेच इंजेक्शन टोचतात. म्हणून धुऱ्यावर थरथरणारे कुत्रे दिसले तर ते आपल्यालाही काही सांगत असते. डबे कोठे पडले आहेत, टाकी कोठे धुतली गेली, लेकरे कोणते पाणी पीत आहेत, हे त्या क्षणी पाहायला हवे. विषबाधेची शंका आली तर कुत्र्याच्या घशात दूध, तेल, मिठाचे पाणी असे काही ओतू नये. थरथरणाऱ्या जनावराला नीट गिळता येत नाही आणि ओतलेले सारे फुप्फुसात जाते. औषध अंगाला लागले असेल तर हातात मोजे घालून साबणाने धुवावे आणि डब्यावरच्या चिठ्ठीसह ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. उंदीर मारण्याच्या औषधालाही हेच लागू. शहरी मित्रांसाठी एक पुस्ती जोडते: चॉकलेटही कुत्र्याला बाधते, त्यानेही अंग कापते, आणि माणसाच्या दुखण्यावरच्या पॅरासिटामॉलसारख्या गोळ्या त्याला आपल्या मनाने कधीही देऊ नयेत.

व्यालेल्या कुत्रीचे थरथरणे याहून निराळे. पिले दोन-तीन आठवड्यांची झाली, भरपूर पिऊ लागली, की काही कुत्र्यांच्या रक्तातले कॅल्शियम दुधावाटे फार उतरते. मग ती धापा टाकते, पाय ताठ करून चालते, अंग थरथरते, ताप भरतो. कॅल्शियम उतरल्याने गायीला होणारा दुग्धज्वर आपल्या गोठ्यांना ठाऊक आहे. पण गाय थंड पडून बसते आणि कुत्री उलट ताठरते. माझ्या आजीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बाळंतीणच हाय ना थे, तिले का दगड मारतेत?" हा विचार आजीला सुचला, पुस्तक न वाचता! अशा कुत्रीची पिले काही वेळ दूर करावीत आणि तिला पशुवैद्याकडे न्यावे. शिरेतून सावकाश दिलेल्या कॅल्शियमने ती बहुधा लवकरच सावरते. तेथे उशीर झाला तर मात्र आईही जाते आणि पिलेही.

पिलांचा मोठा वैरी म्हणजे डिस्टेंपर. डोळ्यांना-नाकाला चिकट स्राव, खोकला, जुलाब, आणि पुढे एखादा पाय किंवा जबडा ठेका धरल्यासारखा एकसारखा उडत राहतो, अगदी झोपेतसुद्धा. हा विषाणूचा रोग आहे. तो माणसाला होत नाही, पण इतर कुत्र्यांत झपाट्याने पसरतो. त्यावर हमखास औषध नाही. लस मात्र आहे आणि ती पिलाच्या वयाच्या सहा ते आठ आठवड्यांपासून देतात. यातून वाचलेल्या कुत्र्याचा पाय कधी कधी जन्मभर उडत राहतो. त्याला भाकरी टाकावी, दगड नव्हे. म्हाताऱ्या कुत्र्याचे मागले पाय उभ्या जागी कापतात ते सांधे झिजल्याने, स्नायू झडल्याने. त्याला मऊ जागा, घसरणार नाही अशी जमीन आणि थोडी सबुरी हवी.

फेफरे तर सर्वांहून वेगळे. थरथरणारे कुत्रे शुद्धीवर असते, हाक मारली की पाहते. फेफऱ्यात शुद्ध हरपते, कुत्रे आडवे पडून पाय मारते, लघवी सुटते. माणसाला फेफरे आले की आपल्याकडे चप्पल हुंगवतात, कांदा फोडतात. कुत्र्याच्या बाबतीत निदान हे तरी करू नये. आसपासचे दगडधोंडे दूर सारावेत, तोंडात हात घालू नये, गोंगाट थांबवावा आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तो जिवावरचा प्रसंग समजावा.

आणि रेबीज? तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. माणसाला होणारा रेबीज बहुतेक सर्व कुत्र्यांमुळेच होतो आणि एकदा लक्षणे दिसली की तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. पण रेबीजची ओळख नुसते थरथरणे ही नव्हे. स्वभावात एकाएकी पालट, विनाकारण चावत सुटणे किंवा अंधारात दडून बसणे, आवाज बदलणे, गिळता न येणे, खालचा जबडा लोंबणे, मागून लुळेपणा चढत जाणे, ही लक्षणे पाहावीत. असे कुत्रे दिसले तर लेकरांना घरात घ्यावे, लांब राहावे, ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला व पशुवैद्याला कळवावे. घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालणारा दयाळू माणूस येथे जिवाला मुकतो. नुसती दया पुरत नाही, तीही डोळस हवी. चावा बसला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, तिखट-चुना लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी, जखमेप्रमाणे सीरमही. पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पहिली टोचणी दिली. त्याला एकशे चाळीस वर्षे होऊन गेली, तरी आपल्याकडे अजून चुना लावला जातो!

दगडाविषयी आणखी एक. घाबरलेल्या, आजारी कुत्र्याला घेरून दगड मारले की ते सैरावैरा पळते आणि वाटेत येईल त्याला चावते. म्हणजे जो चावा टाळण्यासाठी आपण दगड उचलला, तोच चावा आपण ओढवून घेतो. भटक्या कुत्र्यांचे काय करावे यावर २०२५ साली थेट सर्वोच्च न्यायालयात मोठा वाद झाला. त्या वादात शिरण्याचा माझा अधिकार नाही. पण कुत्री रस्त्यावर असोत, आवारात असोत की निवाऱ्यात असोत, ती थरथरणारच, आणि थरथरण्याचा अर्थ माणसालाच लावावा लागणार.

कोणी म्हणेल, माणसांचे प्रश्न सुटले नाहीत आणि ही कुत्र्यांचे घेऊन बसली! माझ्या बाबांनीही हेच विचारले. "आपल्यालेच डाक्तर भेटत नाही, अन् कुत्र्याले कोठून आणतं वं?" प्रश्न रास्त आहे. ज्याने आयुष्यभर हाताला मोजे न घालता फवारणी केली त्याच्या तोंडी तर तो फारच रास्त आहे. मात्र मला वाटते, हे दोन प्रश्न एकमेकांच्या आड येत नाहीत. ज्या गावात कुत्र्याच्या थरथरण्याने फुटका डबा सापडतो, त्या गावात माणूसही वाचतो. ज्या गावात कुत्र्यांना लस मिळते, त्या गावात लेकरू रेबीजने मरत नाही. राज्यघटनेत १९७६ साली नागरिकांची कर्तव्ये आली, त्यांत सजीवांविषयी कणव बाळगणे हेही एक आहे. आणि घटनेच्या कितीतरी आधी, नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावल्याची कथा आपण कीर्तनांत ऐकत आलो आहोत. कुत्र्याने भाकरी पळवली हे सर्वांनाच दिसले असते. ती कोरडी होती हे नामदेवांनी पाहिले.

तेव्हा मित्रहो, सुचवायचे आहे ते मोठे काही नाही. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने वर्षातून एक दुपार तालुक्याच्या पशुवैद्यांना बोलवावे. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन त्याला सोयीचा आहे. थरथरणाऱ्या जनावराजवळ कसे जावे आणि कोठून पुढे जाऊ नये, हे त्यांच्याकडून ऐकावे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता सूचना-फलकावर लावावा. मार्गशीर्षात वसतिगृहामागे चार गोणपाटे टाकावीत. आणि सुट्टीत गावी गेल्यावर कोणी "पिसाळलं!" म्हणून ओरडले, तर हातात दगड घेण्याआधी दूर उभे राहून क्षणभर पाहावे. ते कुडकुडते आहे, भ्यालेले आहे, व्यालेली कुत्री आहे की विष प्यालेले? आपल्याजवळ शब्द पुष्कळ आहेत. त्यांतला योग्य तो शब्द सापडला की काय करायचे तेही बहुतेक वेळा सुचते.